लाल चिखलातलं अठरा फुटी घर: ॲडलेडच्या भाड्याच्या कॅराव्हॅनचा ओला हिशेब

गुण आधीच सांगितलेले बरे. राहायची खोली म्हणून पाचपैकी चार. पावसात ओढत न्यायचं वाहन म्हणून अडीच. भाडेकरार म्हणून दीड, तोही अटी लपवलेल्या नसतात म्हणून. वाचणारा माणूसच नसतो, हा दोष करून घेणाऱ्याचा.

हे परीक्षण ॲडलेडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या जोडीचं आहे: पुढे टो-बार (ओढायचा दांडा) बसवलेली डिझेल टोयोटा प्राडो, मागे साडेअठरा फुटी, चार चाकांची कॅराव्हॅन. जायचं खाणींच्या मुलखात. बर्राचं तांबं, ब्रोकन हिलचं चांदी-शिसं-जस्त, कूबर पेडीचं ओपल हे रत्न. नाशिकहून तिकडे जाणाऱ्यांची मांडणी साधारण ठरलेली असते. लेक-जावई किंवा मुलगा-सून ॲडलेडला, त्यांची दोन आठवड्यांची रजा, सोबत आई-बाबा, आणि ‘रोज हॉटेल शोधण्यापेक्षा घरच मागे बांधून नेऊ’ हा विचार. विचार वाईट नाही, फक्त तो कोरड्या दिवसांचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण या धंद्यात वाहनाची रचना आणि कराराचा साचा जागोजागी सारखाच सापडतो. खालचं बहुतेक सगळं कोणाकडूनही गाडी घेतली तरी लागू पडेल.

नाशिककराला पावसाचं काय सांगायचं? इगतपुरीला जोराच्या दिवशी जेवढा कोसळतो तेवढा कूबर पेडीला अख्ख्या वर्षात पडतो, दीडशे मिलिमीटरच्या आसपास. ब्रोकन हिलला अडीचशेच्या आसपास. फसायला होतं ते इथेच. मोबाइलवर ‘उद्या १० मिमी’ दिसलं की आपण हसतो. पण तिथली माती गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या हातात दिली तर तो एका शब्दात सांगेल: चोपण. सोडियमचे क्षार भरलेली चिकणमाती. पाणी लागलं की कण सुटे होतात, वरचा थर साबणासारखा निसरडा होतो आणि पाणी खाली मुरत नाही. त्यात जमीन परातीसारखी सपाट, पाण्याला वाट नाही. पाच-दहा मिलिमीटरमध्ये कच्चे रस्ते बंद होतात आणि पाऊस थांबला म्हणून लगेच उघडत नाहीत. वाफसा आल्याशिवाय आपण शेतात नांगर घालत नाही, तसंच तिथे रस्त्याचं. ओल्यात चाकं गेली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून विटेसारख्या कडक होतात आणि पुढच्या प्रत्येकाची गाडी त्यात अडकते. म्हणून बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहे.

डांबरी रस्ता म्हणजे सुटका, असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये स्टुअर्ट हायवे ग्लेनडॅम्बो आणि कूबर पेडीच्या दरम्यान पुरामुळे बंद पडला, रेल्वेचा मार्गही वाहून गेला, आणि कूबर पेडीला अन्नधान्य हवाई दलाच्या विमानाने पोचवावं लागलं. असे मोठे पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चमध्ये, उत्तरेकडच्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतात. मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून येणारा पाऊस हलका असतो, पण रेंगाळतो. ऊन कोवळं असल्याने जमीन वाळायला वेळ लागतो. जायचं तर एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ धरावा आणि त्यातही दोन दिवस हातचे राखून ठेवावेत. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कॅराव्हॅन परत करायचा बेत आखला असेल, तर तो आत्ताच मोडा.

आता करार. बहुतेक करारांत एक वाक्य असतंच: फक्त पक्क्या रस्त्यावर. कॅराव्हॅन पार्कच्या फाटकापर्यंतचा थोडा कच्चा तुकडा चालतो, बाकी नाही. याचा अर्थ ‘कच्च्यावर गेलात तर जास्त पैसे’ असा नसून ‘विमाच नाही’ असा आहे. त्याखालच्या वगळलेल्या गोष्टींची यादी मोठ्याने वाचा: छप्पर, गाडीचा तळ, टायर, पुढची काच, ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छत), पाण्यात बुडाल्याने झालेलं नुकसान, दुसऱ्या कोणाला न धडकता एकट्यानेच उलटल्याचं नुकसान. पावसात जे जे होऊ शकतं ते जवळपास सगळं या यादीत येतं. वर दररोज जादा पैसे भरून ‘एक्सेस’ (नुकसानीतला आपण भरायचा वाटा) कमी करून घेण्याची सोय असते; ती घेतली तरी ही यादी तशीच राहते का, हे विचारून उत्तर ईमेलवर घ्यावं. चिखलातून ओढून काढण्याचा खर्च ग्राहकाचा. दीडशे किलोमीटरवरून ओढणारी गाडी आली की तो आकडा भाड्यापेक्षा मोठा होऊ शकतो.

तिसरी अट पावसात सगळ्यात महागात पडते. रस्ता बंद झाल्यामुळे उशीर झाला तर काय? बहुतेक ठिकाणी भाड्याचं मीटर चालूच राहतं, आणि पुढच्या ग्राहकाचं बुकिंग असेल तर दंडही लागतो. सरकारी सूचनेनुसार रस्ता बंद असेल तर उशिराचा दंड माफ, एवढी एक ओळ लिहून देणारी कंपनी मिळाली तर भाडं थोडं जास्त असलं तरी तिच्याकडे जावं. रात्री गाडी चालवायला बंदी हीसुद्धा नेहमीची अट, पण तिच्याबद्दल तक्रार नाही. पावसानंतर डांबराच्या कडेला कोवळं गवत उगवतं आणि संध्याकाळी कांगारू तिथेच चरायला येतात.

साधी भाड्याची कार घेऊन तिच्या मागे कॅराव्हॅन जोडण्याचा विचार करू नका. बहुतेक कार-भाडे कंपन्या ओढकामाला परवानगीच देत नाहीत. म्हणून गाडी आणि कॅराव्हॅन एकाच ठिकाणाहून घेण्याची ही सोय जमेची बाजू आहे. परवान्याचं म्हणाल तर नाशिकला पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा: फॉर्म ४अ, १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत हवाच.

वजनाचा हिशेब हा या सेवेचा सगळ्यात दुबळा भाग, कारण ताब्यात देताना तो कोणी समजावून सांगत नाही. कॅराव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात. रिकामं वजन, टेअर, समजा २२०० किलो. आणि भरून जास्तीत जास्त, एटीएम, २७०० किलो. मध्ये उरले ५०० किलो. दोन पाण्याच्या टाक्या ९५-९५ लिटरच्या, म्हणजे १९० किलो तिथेच गेले. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर. मग बॅगा, भांडी, किराणा, खुर्च्या. हे जमतं. जमत नाही ते पुढच्या गाडीचं. कॅराव्हॅनच्या वजनापैकी साधारण दहा टक्के, इथे २७० किलो, टो-बॉलवर (गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर) दाबून बसायला हवेत, आणि ते प्राडोच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतात. ती क्षमता मॉडेलनुसार साडेसहाशेच्या आसपास. उरले ३८०. पाच माणसं बसली की संपले. डिकीत पिठाची गोणी आणि तीन सूटकेस ठेवल्या की गाडी कागदावर ओव्हरलोड, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी कागदच बघते. चार माणसांनी जावं, सूटकेस कॅराव्हॅनच्या आसांच्या वर, मधोमध ठेवाव्यात.

मधोमध का, ते ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. ट्रॉलीत कांदा मागच्या बाजूला जास्त भरला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. कॅराव्हॅनमध्ये मागे वजन पडलं की बॉलवरचा दाब कमी होतो आणि ऐंशीच्या पुढे मागचा डबा शेपटी हलवायला लागतो. ओल्या डांबरावर ही शेपटी लवकर सुटते. अशा वेळी ब्रेकवर पाय मारू नये, स्टिअरिंगने तिच्याशी झुंजू नये. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरची हाताची कळ हलकी दाबायची, म्हणजे फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लागून ती ताणली जाते आणि सरळ होते. ही कळ डॅशबोर्डवर नेमकी कुठे आहे, ते अंगणातून निघण्याआधी डोळे मिटून सापडलं पाहिजे. पावसात कंट्रोलरचा जोर एक-दोन अंक खाली आणावा. कोरड्या रस्त्याला बरोबर असलेला जोर ओल्यावर कॅराव्हॅनची चाकं लॉक करतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी ३०-४० च्या वेगात एकदा करून बघावं. पाण्याच्या टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या नाहीतर पूर्ण रिकाम्या. अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळत राहतं.

ताब्यात घेताना दोन तास मागून घ्या, कंपनी वीस मिनिटांत उरकायच्या बेतात असते. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून कमी आणि वय होऊन जास्त फुटतात. नक्षी नवी दिसते आणि रबर सुकलेलं असतं. कपलिंग बॉलवर बसवून लॉक केल्यावर जॉकी व्हीलने (पुढच्या टेकूच्या चाकाने) कॅराव्हॅनची पुढची दांडी उचलून बघा, गाडीची मागची बाजू थोडी वर आली तर पक्कं बसलंय. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा. दोन टनांवरच्या कॅराव्हॅनला डबा सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी पिन असते. ती ओढून बघा, ब्रेक किमान पंधरा मिनिटं धरून राहायला हवेत, तिची छोटी बॅटरी मेलेली असणं हा नेहमीचा दोष. मग १२ पिनचा चपटा प्लग उघडा. आत हिरवी पुटं दिसली तर बदलून मागा. पावसात इंडिकेटर वेडेवाकडे लागतात किंवा ब्रेक कंट्रोलर ‘ट्रेलर जोडलेला नाही’ म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हाच प्लग असतो. रोज संध्याकाळी फडक्याने पुसून, तोंड खाली करून ठेवला तर त्रास टळतो. आणि छपरावरच्या खिडक्यांवर होजने पाच मिनिटं पाणी मारायला लावा. गळती तिथे, अंगणात कळू दे.

रस्त्यावर. ॲडलेड ते बर्रा १६० किलोमीटर, तिथून बॅरियर हायवेने ब्रोकन हिल, एकूण सुमारे ५१५. मग परत पीटरबरोमार्गे पोर्ट ऑगस्टा, तिथून स्टुअर्ट हायवेने पिंबा, ग्लेनडॅम्बो, कूबर पेडी, ५४० किलोमीटर. परतीचे ८५० धरून आणि इकडचं-तिकडचं मिळून अडीच हजार किलोमीटर होतात. शंभर किलोमीटरला १६ लिटर डिझेल धरा, समोरून वारा असेल तर १८. म्हणजे चारशे लिटरच्या पुढे. यंटा ते ब्रोकन हिल सुमारे २०० आणि ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी २५० किलोमीटरच्या पट्ट्यात पंपाच्या भरवशावर राहू नये. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, भाव बघायचा नाही. पुढचा रस्ता बंद निघाला तर आलात तेवढंच परत जावं लागतं.

संपूर्ण मार्ग डांबरी आहे, मग कॅराव्हॅन फसते कुठे? कडेला. डांबराच्या बाजूची लाल पट्टी पावसानंतर बाहेरून सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. मागून ५३ मीटर लांबीचा रोड ट्रेन (एकामागे एक डबे जोडलेला ट्रक) आला, सौजन्य म्हणून डावी चाकं खाली घातली, संपलं. तिथे सौजन्य म्हणजे वेग थोडा कमी करून सरळ रेषेत राहणं. ओलांडायचं त्याचं तो बघतो. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवला तर ट्रकवाले आधी बोलतात. ओल्या रस्त्यावर तो शेजारून गेला की लाल पाण्याचा पडदा उडतो आणि चार-पाच सेकंद काही दिसत नाही. तो येताना दिसला की वायपर आधीच पूर्ण वेगावर टाकावेत. दुसरी फसण्याची जागा म्हणजे रस्त्याकडेची विश्रांतीची मोकळी जागा. नकाशावर छान झाड आणि टेबल दाखवलेलं असतं, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी आतली जमीन कच्ची. पावसानंतर जेवायला रोडहाउसच्या (हायवेवरच्या पंप-खानावळीच्या) काँक्रीटवरच थांबावं, चहा महाग असला तरी.

रस्ता जिथे ओढ्याच्या पात्रात उतरतो तिथे पूल नाही, आपल्याकडच्यासारखी फरशी असते, आणि बाजूला मीटरचे आकडे लिहिलेला खांब. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते बघून निर्णय घेणाऱ्या गावाला ही पद्धत शिकवावी लागत नाही. फरक एवढाच की कॅराव्हॅन हा हलका, रुंद, बंद डबा आहे. वाहतं पाणी त्याच्या कुशीवर दाबतं आणि पुढची गाडी टिकली तरी मागचा डबा तिला ओढून नेतो. शिवाय गॅस बाहेर पडावा म्हणून तळाशी मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, फ्रिजच्या जाळ्या असतात; पाणी तिथून आत येतं आणि प्लायवूड फुगतो. नियम सोपा: पाणी वाहत असेल तर थांबायचं. साचलेलं, उथळ, तळचं डांबर दिसणारं असेल तर आधी गाडी उभी करून चाकांचे हब थंड होऊ द्यावेत. गरम हब गार पाण्यात गेला की आत पोकळी तयार होऊन सील पाणी ओढून घेतं, ग्रीस दुधाळ होतं आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर बेअरिंग जातं. पलीकडे गेल्यावर हलका ब्रेक धरून काही मीटर चालवावं, ड्रम सुकतात. पुढच्या थांब्यावर प्रत्येक हबला हात लावून बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर पुढे जाऊ नका.

फसलीच तर चाक गरगर फिरवू नका. आसांपुढचा चिखल खणून काढा, हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, फळ्या घाला. दुसऱ्याच्या गाडीने ओढायचं तर दोर टो-बॉलला कधीही बांधू नका. बॉल तुटून तोफगोळ्यासारखा उडतो आणि त्याने माणसं मेली आहेत. बरेचदा सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे चहा करून बसणं आणि एक ऊन जाऊ देणं. घर सोबत असतं ते यासाठीच. म्हणून २० लिटर पिण्याचं पाणी टाकीव्यतिरिक्त वेगळं ठेवा. गावाबाहेर पडलं की मोबाइलची रेंज जाते, आणि भारतातल्या रोमिंगवर विसंबून जाणं हा वेडेपणा.

आता चांगलं बोलू. राहण्याची सोय खरोखर चांगली. बेड पूर्ण मापाचा, स्वतंत्र शॉवर, तीन गॅसच्या आणि एक विजेची शेगडी, १८० लिटरच्या आसपासचा कॉम्प्रेसर फ्रिज. बाहेर पाऊस, आत कुकरची शिट्टी, याला तोड नाही. पण शिट्टीचीच पंचाईत. दारं-खिडक्या लावून फोडणी दिली की धुराचा अलार्म किंचाळतो, आणि वाफ थंड अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जमून रात्री गादीवर ठिबकते. वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी आणि छताची एक झडप दोन बोटं उघडी ठेवावी, पाऊस असला तरी. ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत. थंडी वाजते म्हणून बाहेरचा गॅस हीटर आत आणणं तर अजिबात नाही, बंद डब्यात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

विजेचं गणित ढगात बिघडतं. छपरावर साडेतीनशे वॉटचे सोलर पॅनल असले तरी दाट ढगांत त्यातून पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. फ्रिज एकटा दिवसाला ४०-५० अँपिअर-तास खातो, दिवे आणि पंप वेगळे. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दीड दिवसात आडवी होते. गाडी चालू असताना २५ अँपिअरने चार्जिंग होतं, म्हणजे चार तासांच्या प्रवासात ती भरते. म्हणून पावसात एकाच जागी दोन रात्री काढायच्या तर वीज असलेलीच जागा घ्यावी. तिथला प्लग १५ अँपिअरचा, अर्थची पिन रुंद असते, घरातल्या सॉकेटमध्ये जात नाही. ती कानस मारून बारीक करणारे महाभाग असतात, त्यांच्यात सामील होऊ नका. केबलचं वेटोळं पूर्ण उलगडा आणि जोड जमिनीपासून वर टांगा. ओला जोड म्हणजे रात्री दोनला सेफ्टी स्विच पडणार आणि फ्रिजमधलं दही सकाळी कोमट.

जागा मागताना दोन शब्द लक्षात ठेवा: काँक्रीट आणि ‘ड्राइव्ह-थ्रू’. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, त्यामुळे भर पावसात डबा सोडायचा आणि रिव्हर्स घ्यायचा व्याप वाचतो. ज्याने बाजार समितीच्या आवारात ट्रॉली मागे घेतली आहे त्याला रिव्हर्स जमेल. बाकीच्यांनी गर्व करू नये. टेकूचे चार पाय फळ्यांवर टेकवा, नाहीतर सकाळपर्यंत एक कोपरा रुतलेला असतो. ऑनिंगचा एक हात दुसऱ्यापेक्षा फूटभर खाली ठेवा म्हणजे पाणी वाहून जाईल. सपाट ठेवली तर कापडावर तळं साचतं आणि हात वाकतो. रात्री गुंडाळूनच झोपा.

संडासाबद्दल कोणी लिहीत नाही. कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, एकोणीस-वीस लिटरची, माणसं कागद वापरतील या हिशेबाने बनवलेली. आपण पाणी वापरतो. चार माणसांत ती दीड दिवसात भरते, आणि भरल्याचा दिवा दुर्लक्षित राहिला तर पुढचं सांगत नाही. पार्कातले संडास वापरावेत, कॅसेट रात्रीपुरती.

बर्राला पावसात थांबायला एक खास कारण आहे. १८४५ ते १८७७ चाललेल्या या तांब्याच्या खाणीचे मजूर ओढ्याच्या काठात खोदलेल्या बिळांत राहायचे, आणि १८५१ च्या पुरांनी ती वस्ती उठवली. त्यातली दोन खोदघरं आजही बघता येतात. गावात अनामत भरून एक किल्ली मिळते, तिने कुलूपबंद ऐतिहासिक जागा आपल्या आपण उघडून बघायच्या. ही व्यवस्था इतकी छान आहे की त्र्यंबक रोडवरच्या कोणालातरी सुचावी.

ब्रोकन हिलला १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प या कुंपणराख्याने टेकडीवर खनिज ओळखलं, १८८५ मध्ये तिथूनच बीएचपी कंपनी निघाली. रस्त्यांची नावं अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. पत्ता विचारणं म्हणजे रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा. खाणीच्या ढिगाऱ्यावरचं कामगार स्मारक बघावंच: आठशेच्या वर नावं, आणि प्रत्येकासमोर मृत्यूचं कारण. कॅराव्हॅन पार्कात सोडून गाडीने जा. मात्र गावच्या धुळीत शिसं आहे, तिथे लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी होते. ओल्या दिवसांत ती धूळ चिखल होऊन बुटाला चिकटून घरात येते. पायरीशी पाण्याचं टब, चपला बाहेर, मुलांचे हात जेवणाआधी साबणाने, हा नियम इथे काटेकोर पाळावा. सिल्व्हरटनपर्यंतचा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता डांबरी, पण तो खोलगट फरशांमधून सतत खाली-वर होतो. पावसात तिथे कॅराव्हॅन नकोच. डेड्रीम खाणीचा फाटा कच्चा, म्हणून करारातूनच बाद.

परतताना, म्हणजे न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिलहून ॲडलेडच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात शिरल्यावर, ऊडला विरा इथे तपासणी नाका. फळमाशीमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात फळं, टोमॅटो, मिरच्या, वांगी न्यायला बंदी आहे. आधी ॲडलेडलाच घेतलेली असली तरी सुटत नाहीत. ब्रोकन हिलच्या शेवटच्या रात्री भरीत करून वांगी संपवा. द्राक्षंही गेली, हे नाशिककराला जड जातं. आणि भारतातून येताना पेढे-बर्फी आणू नका, दुधाचे पदार्थ विमानतळावरच जातात. मसाले, डाळी जे काही असेल ते प्रवेशपत्रावर लिहून दाखवा.

कूबर पेडीत माझा सल्ला या परीक्षणाच्या विषयाविरुद्धच आहे: एक रात्र कॅराव्हॅन सोडून जमिनीखालच्या खोलीत राहा. १९१५ मध्ये चौदा वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल सापडलं, तेव्हापासून माणसं उकाड्यामुळे दगडात घरं कोरून राहतात. आतलं तापमान बारा महिने २३ ते २५ अंश. ओल्या प्रवासानंतर अंथरूण-पांघरूण तिथे कोरडं होतं. पाणी शहराबाहेरच्या बोअरचं, खारेपणा काढून आणलेलं. टाकी भरायला नाण्यांचा नळ आहे, नाणी जमवून ठेवा. पाऊस होऊन गेल्यावर सार्वजनिक ढिगाऱ्यांवर ओपल वेचायला चांगली संधी असते, धूळ धुतली जाते आणि रंगाची चमक दिसते. पण ठरवून दिलेल्या जागेतच. बाकी मुलूख उघड्या विहिरींसारख्या हजारो खड्ड्यांचा आहे, पावसाने त्यांच्या कडा ढिल्या होतात, आणि फोटोसाठी मागे-मागे सरकणारी माणसं त्यात पडतात. ब्रेकअवेजचे डोंगर आणि विल्यम क्रीकचा रस्ता कच्चे, पाऊस पडला की बंद.

अंदाजात सलग तीन दिवस पाऊस दिसत असेल तर कॅराव्हॅनचं बुकिंग पुढे ढकला, किंवा साधी कार घेऊन पार्कातल्या केबिनमध्ये राहा. खर्च फारसा वाढत नाही आणि मागचा अडीच टनांचा घोर जातो. दोन-चार सरींचाच अंदाज असेल, आई-बाबांना स्वतःचा पलंग आणि स्वतःचं स्वयंपाकघर हवं असेल, तर खुशाल घ्या.

परत करायच्या आदल्या दिवशी पोर्ट ऑगस्टाच्या पुढे कुठेतरी प्रेशर वॉशवर तासभर द्या. चाकांच्या कमानींच्या आतला, टाक्यांच्या वरचा आणि ब्रेक ड्रमच्या मागचा चिखल ओला असतानाच निघतो. वाळला की छिन्नी लागते आणि कंपनी स्वच्छतेचं शुल्क लावते. ऑनिंग उघडून पूर्ण वाळवा, ओली गुंडाळली तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि त्याचं बिल नव्या कापडाचं असतं. मग टायर, तळ, छप्पर, ऑनिंग यांचे फोटो त्यांच्या माणसासमोर काढा. अनामत परत यायला बरेच दिवस लागतात आणि तोवर हेच फोटो कामी येतात.